तंबोरा अंगाजोगा हवा

संकेश्वरात माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या एका ठेंगण्या मुलीच्या हाती मी तीर्थरूपांचा दरबारी तंबोरा दिला. वाद्य थोर, पण चूक माझी! भोपळ्यावरून तिचा हात तारांपर्यंत धड पोहोचेना. शिवाय तिची पट्टी काळी 4. मर्दानी तंबोरा तिथवर चढवावा तर तारा तुटायच्या, खाली लावावा तर गळा गुदमरायचा. पोरगी गाणेच सोडते म्हणाली.

अखेर मिरजेची वाट धरली. तिथल्या सतारमेकरांची परंपरा फरीदसाहेबांपासूनची, एकोणिसाव्या शतकातली. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले. जनानी तंबोऱ्याचा भोपळा लहान, दांडी आखूड. तार आखूड म्हणून उंच सूर फार न ताणता मिळतो. पंचमाची नि जोडाची तार पोलादी, खर्जाची पितळी. जाड तारा चढवून आवाज भारदस्त करण्याचा मोह मात्र टाळावा. कोवळी बोटे सोलतात. वाद्य पसंत करण्यापूर्वी शिष्येला मांडी घालून बसवावे, खांदा उचलतो का ते पाहावे. आमचे तीर्थरूप आधी बैठक पाहत, मग गळा. मी विसरलो होतो.

परवा तिने जवारीचा दोरा स्वतःच सरकवला. मी हात लावू गेलो, तर म्हणाली, "राहू द्या गुरुजी, बोलतोय."