मेंदी कापावी की फुलू द्यावी?

भेस्तानमध्ये ज्यांच्या घरापुढे हातभर मोकळी जागा आहे, त्यांपैकी बरेच जण आम्हाला विचारतात, कुंपणाला काय लावावे? आमचे उत्तर मेंदी. पण खरी मेंदी.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण म्हणजे आम्ही स्वतः फसलो आहोत. नर्सरीतून 'मेंदी' म्हणून आणलेली रोपे दोन वर्षे जोमाने वाढली. आखाजीला लेकी माहेरी आल्या, हौसेने पाला वाटला, आणि हात धुतल्यावर तळवे कोरेच! ती कोयनेल निघाली. कुंपणाला तीही चांगली, पण रंग देत नाही. म्हणून रोप घेण्यापूर्वी चार पाने पाण्याचा थेंब घालून चुरडा आणि अर्धा तास तळहातावर ठेवा. केशरी डाग उठला तरच पैसे द्या.

खऱ्या मेंदीला इंग्रज 'इजिप्शियन प्रिव्हेट' म्हणत. प्रिव्हेट हे त्यांच्याकडचे कुंपणाचे झुडूप, जाई-मोगऱ्याच्या कुळातले. मेंदीचे त्याच्याशी नाते नाही, दिसण्यात मात्र साम्य आहे. मेंदीचे खरे भाऊबंद म्हणजे डाळिंब आणि आपला तामण. तिला कडाक्याची थंडी सोसत नाही, पण सुरतेच्या हिवाळ्यात ती चिंता नाही. चिंता आहे ती पावसाळ्याची. आपल्या काळ्या जमिनीत पाणी तुंबते आणि मेंदीची मुळे कुजतात. म्हणून वीतभर उंच वरंबा करावा, मातीत रेती आणि कुजलेले शेणखत मिसळावे. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या पहिल्या पावसानंतर लावल्या तर बऱ्याच जगतात. ऊन मात्र भरपूर हवे. दोन घरांच्या बोळात मेंदी लावू नये.

आता कात्रीचे. मेंदीचे तुरे नव्या फांद्यांच्या शेंड्यावर येतात. दर महिन्याला कुंपण सारखे केले की शेंडेच जातात आणि फुले येतच नाहीत. फुले बारीक, मळकट पांढरी, चार पाकळ्यांची. पाहणारा थांबणार नाही, पण संध्याकाळी वास आला की थांबेल. कनोजचे अत्तरवाले गुलहिना काढतात ते याच फुलांचे.

आम्ही मधला मार्ग काढला. रस्त्याकडची ओळ फूट-फूट अंतरावर लावून नियमित छाटतो. कोपऱ्यावरचे एक झाड मोकळे सोडले आहे. ते डोक्याच्या वर गेले, जुन्या फांद्यांना काटे आले, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या बाजूला ठेवले नाही. रस्त्याकडच्या ओळीची मोठी छाटणी माघात करतो, मग पाणी देतो. वैशाखापर्यंत कोवळा पाला हाताशी येतो, आणि रंग कोवळ्या पाल्यालाच चांगला चढतो. बाजारातल्या 'काळ्या मेंदी'च्या कोनात बहुधा केसांच्या कलपाचे रसायन असते, त्याने हातावर फोड येऊ शकतात.

ज्यांना काड्या हव्या असतील त्यांनी पहिल्या पावसानंतर सांगावे. आमच्या छाटणीत भरपूर निघतात.