पट्टकदंब एव्हरेस्टवरून येत नाही

हिवाळा सुरू झाला, की जायकवाडी, उजनी किंवा नांदूर मधमेश्वरच्या काठावर उतरलेल्या पट्टकदंबांचे फोटो फिरू लागतात आणि त्यांच्याखाली ठरलेलं वाक्य असतं : ‘एव्हरेस्टवरून उडत येणारा पक्षी’. पुरवण्यांमध्येही तेच, पक्षीनिरीक्षणाच्या सहलीत माहिती सांगणाऱ्यांच्या तोंडीही तेच. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, जेमतेम दोन-तीन किलोंचा हा हंस (बरेच जण त्याला राजहंसही म्हणतात) हिमालय ओलांडतो, यात शंका नाही. पण एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर आहे, आणि पाठीवर उपकरणं लावून ज्या हंसांचा माग काढला गेला, त्यांतला एकही तिथवर गेलेला नाही.

ही समजूत आली गिर्यारोहकांच्या आठवणींतून. १९५४ च्या मकालू शिखराच्या मोहिमेत लॉरेन्स स्वॉन हे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ होते. रात्रीच्या अंधारात डोक्यावरून जाणाऱ्या हंसांचे आवाज त्यांनी ऐकले आणि पुढे त्याबद्दल लिहिलं. अनुभव खराच होता. पण अंधारातल्या आवाजावरून थवा किती उंचावर आहे हे मोजता येत नाही. पुढे मात्र तो आवाज थेट शिखरांवर जाऊन बसला.

प्रत्यक्ष मोजणी केली ती लुसी हॉक्स, चार्ल्स बिशप आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी. त्यांनी ९१ हंसांचा माग काढला. ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी बी’ या नियतकालिकात २०१३ साली त्यांचे निष्कर्ष आले. मिळालेल्या नोंदींपैकी ९५ टक्के नोंदी ५,४८९ मीटरच्या खालच्या होत्या. सर्वाधिक उंची मिळाली ७,२९० मीटर. तीही दक्षिणेकडे येताना. उत्तरेकडे परतताना ६,५४० मीटरच्या वर एकही हंस आढळला नाही. हे पक्षी शिखरांवरून न जाता दऱ्याखोऱ्यांमधून वाट काढतात आणि त्यासाठी सरळ मार्गापेक्षा सरासरी ११२ किलोमीटर जास्त अंतर कापतात. खालची जमीन जितकी उंच, साधारण तितकंच वर जायचं, ही त्यांची रीत.

कारण उघड आहे. साडेपाच हजार मीटरवर समुद्रसपाटीच्या निम्माच ऑक्सिजन मिळतो. शिवाय हवा विरळ, त्यामुळे अंग तोलून धरायला पंखांना जास्त राबावं लागतं. म्हणजे खर्च वाढतो आणि नेमकं तेव्हाच प्राणवायू कमी पडतो. २०१५ मध्ये ‘सायन्स’मध्ये याच गटाचा पुढचा अभ्यास आला. मंगोलियातल्या हंसांच्या शरीरात बसवलेल्या यंत्रांनी हृदयाचे ठोके आणि पंखांची हालचाल टिपली होती. पंख मारण्याचा वेग पाच टक्क्यांनी वाढला, तर उडण्यासाठी लागणारी शक्ती अंदाजे ४१ टक्क्यांनी वाढते, असं त्यातून दिसलं. म्हणून एकदा कमावलेली उंची धरून ठेवण्यापेक्षा दरीत उतरणं आणि पुढे गरज पडेल तेव्हा पुन्हा चढणं त्यांना स्वस्त पडतं. चढाई ते बहुतेकदा रात्री किंवा पहाटे करतात. तेव्हा हवा थंड, दाट आणि शांत असते. वाऱ्याचं पाठबळ त्यांना अधूनमधूनच मिळतं, असंही या नोंदींतून दिसलं.

‘एवढं काय बिघडलं? मुलांना कौतुक तर वाटतं ना!’ असं मला ऐकवलं जातं. बिघडतं ते असं : एव्हरेस्ट जिंकणारा पक्षी म्हटलं, की तो अजिंक्य वाटू लागतो. मग उडतानाचा फोटो हवा म्हणून होडी थव्यात घातली किंवा ड्रोन डोक्यावर नेला, तरी कुणाला काही वाटत नाही. प्रत्यक्षात हा शक्तीचा काटेकोर हिशोब ठेवणारा जीव आहे. पाण्यावर निवांत बसणं आणि काठाच्या गवतात चरणं यांतूनच त्याची परतीची चरबी जमते.

थवे वारंवार उठवण्याची किंमत नॉर्वेत तपासली गेली आहे. गुलाबी पायांचे हंस स्वालबार्ड बेटांवर विणीला जाताना वाटेत उत्तर नॉर्वेच्या कुरणांत थांबतात. तिथले शेतकरी त्यांना हुसकावत. डेन्मार्कचे संशोधक येस्पर मॅडसेन यांना दिसलं, की सतत हुसकावल्या गेलेल्या हंसांना पुरेशी चरबी साठवता आली नाही आणि शरद ऋतूत त्यांच्यासोबत पिल्लंही कमी परतली. हंसांची कुटुंबं हिवाळाभर एकत्र राहतात, त्यामुळे कोणाला पिल्लं झाली हे नुसतं पाहूनही कळतं.

याचा अर्थ शेतकऱ्याची तक्रार खोटी, असा मुळीच नाही. धरणाचं पाणी ओसरल्यावर गाळपेर जमिनीत गहू-हरभरा उगवतो, त्या कोवळ्या पिकात मोठा थवा उतरला तर नुकसान होऊ शकतं. ‘वन्यपक्षी आहेत, सहन करा’ हे उत्तर नव्हे. स्कॉटलंडच्या आयला बेटावर हंसांना चरू देणाऱ्या शेतकऱ्यांना पैसे दिले जातात. स्वालबार्डच्या त्या गुलाबी पायांच्या हंसांसाठी २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय आराखडा झाला. सुमारे ६० हजारांची संख्या राखायचं ठरलं आणि मोजणी पाहून नॉर्वे-डेन्मार्कमधली शिकार कमी-जास्त करण्याची पद्धत बसली. आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे, आणि पट्टकदंबांसाठी ती योग्यच आहे. पण नियमित मोजणी, त्या आकड्यांवर घेतलेले निर्णय आणि शेतकऱ्याला चर्चेत बरोबरीची जागा, एवढं तर तिकडून नक्कीच घ्यावं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘सायबेरियाचे पाहुणे’ : पट्टकदंबांची वीण मुख्यतः मंगोलिया, चीनचा छिंगहाय प्रांत आणि तिबेटच्या पठारावर होते. आपल्या लडाखमध्येही, त्सो मोरिरीच्या परिसरात ते घरटी करतात. ‘धरणातले मासे फस्त करतात’ : ते चरणारे पक्षी आहेत. गवत, कोवळे कोंब आणि धान्य हाच त्यांचा मुख्य आहार. ‘सरस्वतीच्या चित्रातला पांढराशुभ्र हंस तो हाच’ : नाही, हा करड्या अंगाचा आहे.

‘बर्ड फ्लू यांनीच आणला’ हे मात्र एका ओळीत संपत नाही. रानपक्षी हा विषाणू वाहून नेऊ शकतात, हे खरं. पण आज जगभर पसरलेल्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचा वंश १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या पाळीव हंसांमध्ये सापडला. २००५ मध्ये छिंगहाय सरोवरावर त्याच रोगाने हजारो रानपक्षी मेले, आणि त्यांत मोठा वाटा पट्टकदंबांचा होता.