आधी श्वास मोजा
खोकणारं तान्हं बाळ वॉर्डात आलं की मी ते आईच्या मांडीवरच राहू देते. झबलं वर करून पोटाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं मला मान्य नाही, कारण तान्ह्यांचा श्वास एका लयीत चालत नाही. रडत असेल तर थांबते. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, पुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद.

मग बरगड्यांखाली खळगा पडतोय का, नाकपुड्या फुलतात का, ते पाहते. “अंगावर नीट पितंय का गं?” हेही विचारतेच.

गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने गावच्या कार्यकर्त्यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचं १९९०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. म्हणून घरीही लक्ष ठेवा: बाळाचं पिणं सुटलं, ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.