पात्राला नेणीव असते का?

मनोविश्लेषणाच्या आधाराने साहित्यातल्या पात्रांचा उलगडा करणारे लेखन मराठी वाचकाला नवे नाही. इडिपस गंड, दमन, अपराधभावना हे शब्द आता समीक्षेत रुळले आहेत. पण असे लेखन वाचताना एक अडचण मला सतत जाणवते. चिकित्सकासमोर बसलेला रुग्ण बोलतो. त्याच्या बोलण्याचा लावलेला अर्थ त्याला पटला नाही, तर तो नाही म्हणतो, विषय बदलतो, गप्प होतो, किंवा पुढच्या खेपेला एखादे नवेच स्वप्न घेऊन येतो. अर्थ बरोबर की चूक, हे या प्रतिसादांतून हळूहळू ठरत जाते. पात्राला ही सोय नाही. त्याला आपण कोणताही गंड चिकटवला तरी ते हूं की चूं करत नाही. मग आपला अर्थ चुकला, हे आपल्याला सांगणार कोण?

या प्रश्नाचे उत्तर खुद्द फ्रॉइडच्याच एका निबंधात सापडते. 1916 साली त्याने मनोविश्लेषणाच्या कामात आढळलेल्या काही स्वभावप्रकारांवर लिहिले. त्यातला एक प्रकार यशानेच मोडून पडणाऱ्या माणसांचा आहे. इच्छा अपुरी राहिली म्हणून माणूस खचतो, हे समजण्यासारखे आहे. पण इच्छा पुरी होण्याच्या क्षणीच काही जण खचतात. आपल्या गुरूच्या जागी नेमणूक व्हावी अशी वर्षानुवर्षे आस धरून बसलेल्या एका विद्यापीठीय अध्यापकाचे उदाहरण फ्रॉइड देतो. ती जागा देऊ केली जाताच तो स्वतःला नालायक ठरवून विषण्णतेत बुडाला. असे का होते, हे पाहायला फ्रॉइड दोन नाटकांतल्या दोन स्त्रियांकडे वळतो. एकीच्या बाबतीत त्याची तपासणी तडीस जाते, दुसरीच्या बाबतीत अडते. दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत.

पहिली इब्सेनच्या 'रोस्मरशोम' (1886) मधली रिबेका वेस्ट. डॉ. वेस्ट यांची ही मानसकन्या त्यांच्या मृत्यूनंतर रोस्मरच्या घरात येते. रोस्मरवर तिचे मन बसते. त्याची पत्नी बिआटे हिला ती अशा काही सूचक गोष्टी ऐकवते, की आपणच या घरात अडसर आहोत असे वाटून बिआटे जीव देते. पुढे रोस्मर रिबेकाला लग्नाचे विचारतो. ज्यासाठी सारे केले ते हाती आले. क्षणभर ती आनंदाने ओरडते, आणि लगेच नकार देते.

का? रिबेका स्वतः नंतर कारण सांगते. रोस्मरच्या सहवासात तिचे मन शुद्ध झाले, सदसद्विवेक जागा झाला आणि सुख भोगण्याची ताकद गेली. फ्रॉइड हे कारण खोटे मानत नाही. पण ते पुरेसे आहे का, असे विचारून तो तिसऱ्या अंकाकडे बोट दाखवतो. तिथे क्रोल हा बिआटेचा भाऊ रिबेकाला सुचवतो, की डॉ. वेस्ट तिचे खरे वडीलच असावेत. ती म्हणते, ते त्या प्रांतात आले तेव्हाचा हिशेब माझ्या वयाशी जुळत नाही. मात्र पंचविशी उलटल्यावर आपण एक वर्ष कमी सांगू लागलो, हेही तिला कबूल करावे लागते. त्यावर क्रोल सांगतो, की नेमणुकीच्या आदल्या वर्षी डॉक्टर तिकडे एकदा येऊन गेले होते. हे ऐकताच ती विलक्षण बिथरते. केवळ आपला जन्म विवाहबाह्य आहे, एवढ्याने तिच्यासारखी मोकळ्या विचारांची स्त्री इतकी बिथरेल का? ज्यांना पालक मानले त्यांच्याशी तिचे शरीरसंबंध होते, असा निष्कर्ष फ्रॉइड काढतो. शेवटच्या अंकात ती पुन्हा नकार देताना आपल्या भूतकाळातल्या कशाचा तरी उल्लेख करते, आणि रोस्मर तिला पुढे बोलूच देत नाही. आईला बाजूला सारून बापाजवळ तिची जागा घ्यावी, ही आदिम इच्छा रोस्मरच्या घरात बिआटेच्या बाबतीत पुन्हा घडली, असे फ्रॉइडचे म्हणणे.

हे सर्वांना पटेलच असे नाही. पण त्याने काय केले पाहा. वयातला एका वर्षाचा फरक, एक अवाजवी क्षोभ, एक अर्धवट राहिलेले वाक्य, दोन नकारांचा क्रम, हे सगळे संहितेत आहे. कोणीही पान उघडून ते तपासू शकतो.

दुसरी लेडी मॅकबेथ. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मुळे ही कथा मराठी रसिकांच्या ओळखीची आहे. खुनापूर्वी पोलादासारखी असलेली ही स्त्री राणी झाल्यावर का कोसळते? निपुत्रिकपणा ही तिच्या अपराधाची शिक्षा असावी, असे फ्रॉइडला वाटते. पण इथे संहिताच आडवी येते. निपुत्रिकपणाची निराशा मुरायला वर्षे लागतात. हॉलिनशेडच्या बखरीत मॅकबेथ सतरा वर्षे राज्य करतो, नाटकात मात्र सारे आठवड्याभरात उरकते. आपल्याला निर्णय करता येत नाही, असे फ्रॉइड मोकळेपणाने लिहितो. नकार देणारा रुग्ण समोर नव्हता. ते काम नाटकातल्या काळाने केले.

मग तो येकेल्सची एक कल्पना पुढे मांडतो. नवराबायको ही मुळात एकाच मनाची दोन शकले असावीत. खून केल्यावर आपली झोप मेली, असे मॅकबेथला वाटते, पण झोपेत चालताना दिसते ती त्याची बायको. समुद्रानेही रक्त धुतले जाणार नाही, अशी भीती त्याला वाटते, आणि पाण्याचा शिपका पुरे म्हणणारीच पुढे हात चोळत बसते. हा अर्थ पात्राचे न लिहिलेले बालपण मागत नाही. म्हणून तो मला अधिक बळकट वाटतो.

एल. सी. नाइट्सने 1933 मध्ये लेडी मॅकबेथला मुले किती, हाच प्रश्न आपल्या निबंधाच्या शीर्षकात घालून पात्रांना हाडामांसाची माणसे समजणाऱ्या टीकेची टर उडवली. ती टर रास्तच होती. पानाबाहेर पात्राला आयुष्य नसते, त्यामुळे पानाबाहेरची नेणीवही नसते. असतात ती संहितेतली पुनरावृत्ती, खळगे आणि प्रमाणाबाहेरच्या प्रतिक्रिया.

मराठी कादंबरी वाचतानाही हेच पथ्य उपयोगी पडते. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'चा (1939) निवेदक चक्रधर विध्वंस स्त्रीजातीविषयीच्या आपल्या कडवटपणाचे मूळ उमाच्या प्रकरणात आहे, हे स्वतःच सांगतो. जे तो स्वतः जाणून सांगतो, त्याला नेणीव म्हणता येत नाही. त्याच्या आईवडिलांविषयी तर्क लढवण्यापेक्षा, तो जे कारण देतो त्यात हॅर्टाशी झालेले त्याचे वागणे कुठे बसत नाही, हे शोधावे.

यात साहित्यापलीकडचेही काही पणाला लागलेले आहे. एखाद्या स्त्री-पात्रावर विकृतीचा शिक्का मारला, की तिने दिलेली कारणे ऐकायची गरज उरत नाही. समोर नसलेल्या माणसांबाबतही आपण हेच करतो. रिबेकाचे स्वतःचे उत्तर ऐकून घेऊन, ते बाजूला न टाकता फ्रॉइड त्याच्याखाली उतरला. आपणही कोणाच्या मनाचा तळ शोधायला निघताना आधी त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यायला हवे.