आहारातील बदलांद्वारे वजन कमी करणे

उपासमार न करता, खाण्याच्या सवयी टप्प्याटप्प्याने बदलून शरीरातील अतिरिक्त मेद घटवणे म्हणजे आहारातील बदलांद्वारे वजन कमी करणे होय. भारतीयांमध्ये तुलनेने कमी वजनवाढीनेही मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढत असल्याने त्यांच्यासाठी २३ किंवा त्याहून अधिक शरीर-वस्तुमान निर्देशांक अतिवजन मानला जातो.

कार्यतत्त्व

खर्चापेक्षा कमी ऊर्जा आहारातून मिळाल्यास शरीर साठवलेला मेद वापरते. १ किलो मेदात सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. रोज सुमारे ५०० किलोकॅलरींची तूट राहिल्यास सुरुवातीला आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन घटते. वजन उतरते तशी शरीराची ऊर्जेची गरजही घटते आणि हा वेग मंदावतो. अत्यल्प आहाराने मात्र स्नायूही झिजतात व पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

सवयींतील बदल

एक बदल अंगवळणी पडल्यावर दुसरा केला जातो. तीन कप चहात प्रत्येकी दोन चमचे साखर घेतल्यास दिवसाला सुमारे १०० किलोकॅलरी मिळतात. म्हणून अनेकदा सुरुवात चहापासून होते. त्यानंतर तळलेले पदार्थ कमी करणे, भाताचे प्रमाण घटवून उसळ व कोशिंबीर वाढवणे, रात्रीचे जेवण लवकर व हलके घेणे असे बदल करता येतात.

परिणाम व मर्यादा

वजन ५ ते १० टक्के घटले तरी रक्तदाब व रक्तातील साखर यांत सुधारणा दिसते. जुन्या सवयी परतल्यास वजन पुन्हा वाढते. मधुमेहाची औषधे घेणारे रुग्ण, गर्भवती व वाढत्या वयातील मुले यांच्या आहारातील बदल वैद्यकीय सल्ल्यानेच करणे आवश्यक असते.