दगड चढणारी गाडी

मागच्या वर्षी शाळेला दिवाळीची सुट्टी लागली आणि दुसऱ्याच दिवशी कराडहून आपाचा फोन आला. "भाई, तू मास्तर आहेस, तुझं तरी तो ऐकेल. घरामागं लोखंडाचा पिंजरा बांधून बसलाय. म्हणतो, ह्यात बसून दगडधोंड्यांवरनं जाणार. येऊन समजाव त्याला."

'तो' म्हणजे आमचा भाचा. वय 22, आयटीआयचा वेल्डर, एका गॅरेजमध्ये कामाला. दोन वर्षांच्या पगारातून साठवलेले पैसे त्याने भंगारातल्या जीपचे इंजिन आणि एक्सल घेण्यात घातले होते. आपाला पैशांची काळजी होतीच. पण दुल्हाभाई ट्रक उलटून गेले, त्याला नऊ वर्षे झाली आहेत. उलटणाऱ्या गाडीची कल्पनाही तिला सोसत नाही.

आम्ही गेलो ते त्याला परावृत्त करायलाच. परसात पाहिले, तर पाइप वाकवून केलेला सांगाडा विटांवर उभा होता. भाच्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या गाड्या दाखवल्या. डोक्याएवढ्या उंच खडकावर त्या पालीसारख्या चिकटून चढत होत्या.

या छंदाचे मूळ तिकडचेच. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या जुन्या जीप लोकांच्या हाती आल्या आणि त्या घेऊन ते डोंगरात शिरले. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन या खडकाळ वाटेवर 1953 पासून जीपवाल्यांची जत्रा भरते. युटा राज्यातल्या मोआब गावी 1967 पासून ईस्टरच्या दिवसांत अशाच गाड्या जमतात. पुढे खडक आणखी अवघड निवडले गेले, तशी नुसती जीप अपुरी पडू लागली. मग लोकांनी घरच्या गॅरेजमध्ये, सुट्टीच्या दिवशी, पाइपाचा सांगाडा जोडून स्वतःची बग्गी बनवायला सुरुवात केली.

आम्हाला वाटले होते, हा वेगाचा नाद असेल. भाचा हसला. "मामू, ह्यात जो घाई करतो तो उलटतो." मग त्याने वहीत मांडलेला हिशेब दाखवला. पहिला गिअर 4 पट, ट्रान्सफर केसचा लो गिअर 4 पट, एक्सल 5 पट. गुणाकार 80. म्हणजे इंजिन 80 वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर चाकाचे फेरे 10. टायर 37 इंची, म्हणजे एका फेऱ्यात साधारण 3 मीटर. मिनिटाला 30 मीटर, तासाला 1.8 किलोमीटर. माणूस चालतो त्याच्या निम्म्याहूनही कमी! पण तेवढ्याच पटीने चाकावरचा जोर वाढतो. जुन्या जीपमध्ये हा गुणाकार 40 च्या आसपासच भरतो, म्हणून तो दुसऱ्या ट्रान्सफर केसच्या शोधात होता. दहावीला गणितात काठावर पास झालेला हा मुलगा. त्याला शिकवताना गणित कशासाठी करायचे, हे आपण कधी दाखवलेच नाही, असे मनात आले.

बाकीचे शास्त्रही त्याने समजावले. साध्या गाडीत एक चाक हवेत उचलले गेले की इंजिनाची ताकद त्याच चाकाकडे पळते. ते गरगर फिरते आणि जमिनीवरचे चाक थंड उभे राहते. डिफरन्शियल लॉक केले की दोन्ही चाके एकत्रच फिरतात. टायरमध्ये रस्त्यावर 30 पौंडांच्या आसपास हवा असते, खडकावर ती 8-10 पौंडांवर आणतात, म्हणजे टायर मऊ पडून दगडाला कवळतो. अशा वेळी तो रिममधून निसटू नये म्हणून रिमला वरून कडे आवळावे लागते. पाट्यांच्या जागी लांब दांडे आणि स्प्रिंग बसवतात, म्हणजे एक चाक दगडावर आणि दुसरे खड्ड्यात असले तरी चारही जमिनीला धरून राहतात. आणि कार्बोरेटर नको. गाडी फार तिरकी झाली की त्यातले पेट्रोल एका बाजूला जाते आणि इंजिन बंद पडते. इंजेक्शनच्या इंजिनाला ती अडचण नाही.

इतका वेळ आपा दारात उभी राहून ऐकत होती. तिने एकच विचारले, "उलटली तर?"

"तर हा पिंजरा आहे ना, अम्मी."

आम्ही शिक्षक, आम्हाला वेल्डिंगमधले काही कळत नाही. म्हणून आमच्या गावातल्या, तीस वर्षे फॅब्रिकेशन करणाऱ्या चाचांना फोन लावला. त्यांनी दोन प्रश्न विचारले. पाइप कोणता? आणि जोड तोडून पाहिलाय का?

पाइप पाण्याच्या लाइनचा होता. स्वस्त पडला म्हणून घेतलेला. चाचा म्हणाले, त्यावर जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंग करताना तो जळून पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. आपाने आमच्याकडे पाहिले. आठवड्यात दोनदा ताप आला होता आणि सगळ्यांनी तो हवामानावर ढकलला होता. शिवाय तो पाइप पाणी वाहून नेण्यासाठी असतो, माणसाचा जीव पेलण्यासाठी नव्हे. तिकडचे लोक पिंजऱ्याला साधारण पावणेदोन इंची, 3 मिलिमीटर जाडीचा, खास मजबूत पाइप वापरतात.

मग दुसरा प्रश्न. भाच्याने त्याच रॉडने, त्याच हाताने दोन तुकडे जोडले, शिकंज्यात आवळले आणि घणाचा घाव घातला. पाइप वाकला नाही. जोड सरळ उखडून आला. वरून माशाच्या खवल्यांसारखी सुबक दिसणारी रेघ आत उतरलीच नव्हती.

भाचा बराच वेळ तो तुकडा हातात धरून बसला. आपा काही बोलली नाही, आत जाऊन चहा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राइंडरचा आवाज आला. तो स्वतःच्या हाताने सगळा सांगाडा कापत होता.

आम्ही काम थांबवायला सांगितले नाही. चार अटी मात्र घातल्या. पाइप योग्य तोच आणि मुलामा नसलेला. प्रत्येक प्रकारचा जोड आधी तोडून पाहायचा, आणि जोड उखडण्याआधी पाइप वाकला तरच पुढे जायचे. पाच पट्ट्यांचा बेल्ट, हेल्मेट, आग विझवण्याचे नळकांडे आणि हात बाहेर जाऊ न देणारी जाळी यांचे पैसे इंजिनाच्या आधी बाजूला काढायचे, कारण गाडी कलंडली की माणूस आपोआप हात बाहेर टेकवायला जातो. आणि ही गाडी रस्त्यावर आणायची नाही.

शेवटची अट आमची नाही, कायद्याची आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतला कंपनीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. अशी बग्गी ट्रकवर चढवून न्यायची आणि परवानगी घेऊन खासगी जागेतच चालवायची.

ज्यांच्या घरात असा मुलगा आहे त्यांना सांगावेसे वाटते की या हातांना वाटा आहेत. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांसाठी 2007 पासून 'बाहा' ही स्पर्धा होते. तिथे मुले एका माणसाची बग्गी स्वतः आखून बनवतात आणि परीक्षक आधी तिची सुरक्षितता तपासतात. गोव्यात 2014 पासून पावसाळ्यात 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' भरते. आमचा भाचा तिथे पोहोचेलच असे नाही. पण चाचांकडे तो आता रविवारी वेल्डिंग शिकायला जातो आणि त्याच्या जोडांची मजुरी गॅरेजमध्ये वाढली आहे.

खडकावर चढताना एक माणूस खाली उभा राहून चालकाला हाताने खुणा करतो. चालकाला चाकाखालचे दिसत नाही, त्याला दिसते. नियम असा की खुणा करणारा एकच असावा. दहा जण ओरडू लागले की गाडी उलटते. घरातही मुलाला बारा बाजूंनी 'नको' ऐकू येण्यापेक्षा त्याच्या चाकाजवळ एकाने उभे राहावे.

नवा सांगाडा अजून अर्धाच झालाय. मागच्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा आपाने स्वतःहून तोडलेल्या जोडांचा डबा आणून दाखवला. शेवटच्या तीन तुकड्यांत पाइप वाकला होता, जोड जागेवर होता.

"आता उलटली तर?" आम्ही विचारले.

"बघू," ती म्हणाली. "आधी पुरी तर होऊ दे."