पतसंस्थेचा एआय मदतनीस: साधनांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एखाद्या पतसंस्थेच्या सभासदांना मोबाइलवर मराठीत उत्तरं देणारा मदतनीस तयार करायचा, असं ठरलं समजा. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींची चर्चा कुठून सुरू होईल हे सांगता येतं: फ्रेमवर्क म्हणून लँगचेन घ्यायचं की लामाइंडेक्स, व्हेक्टर डेटाबेस कोणता, मॉडेल कुणाचं. साधन भारी निवडलं की काम भारी होतं, हा त्यामागचा समज. माझ्या मते तो क्रमच उलटा आहे. सभासद खरोखर विचारतात ते प्रश्न, त्यांची बरोबर उत्तरं आणि संस्थेचा स्वच्छ मजकूर, एवढं हाताशी असेल तरच कोणतं साधन बरं ते ठरवता येतं. ते नसेल तर निवड चुकली हे कळायलाही मार्ग राहत नाही.

लँगचेनसारख्या तयार फ्रेमवर्कशिवाय एआय ॲप्लिकेशन होतच नाही, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात अशा मदतनिसाचं काम चार टप्प्यांचं आहे: प्रश्नाशी संबंधित मजकूर शोधायचा, तो प्रश्नाला जोडायचा, मॉडेलकडे पाठवायचा आणि आलेलं उत्तर दाखवायचं. पायथनमध्ये हे शे-दीडशे ओळींत लिहिता येतं, आणि चूक झाली तर ती कोणत्या टप्प्यावर झाली हेही दिसतं. लँगचेन ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, त्याची १.० आवृत्ती निघाली ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधल्या तीन वर्षांत त्याची रचना इतकी बदलली की २०२३ चा व्हिडिओ बघून उतरवलेला कोड आज बऱ्याचदा पहिल्याच ओळीला अडतो. यावर आक्षेप येतो की मुलाखतीत लँगचेन विचारतात. विचारतातच, आणि काम वाढलं, माहितीचे स्रोत अनेक झाले, मॉडेलं आलटूनपालटून वापरायची वेळ आली, की अशा तयार साच्याचा उपयोगही होतो. पण आतले चार टप्पे एकदा हातानं लिहिलेल्याला तो साचा लवकर कळतो आणि मुलाखतीतही तोच नीट बोलू शकतो.

दुसरा गैरसमज मला जास्त घातक वाटतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही: पीडीएफ दिली की मशीन मराठी वाचतं. संस्थेचे जुने ठराव आणि पोटनियम श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील, तर पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाइलमध्ये साठलेली असतात भलतीच चिन्हं. त्यातून मजकूर काढला की निरर्थक अक्षरांची रांग मिळते. युनिकोडमध्येही सगळं सरळ नाही. ‘कर्मचाऱ्यांना कर्ज’ या शीर्षकातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात खालच्या टिंबाचा ऱ, हलन्त आणि य असतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त, डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. छापील रूप हुबेहूब सारखं, पण संगणकाच्या लेखी शब्द दोन. पोटनियमात एक रूप आणि सभासदाच्या कीबोर्डवर दुसरं असेल, तर साध्या शब्दशोधात तो नियम सापडणारच नाही. ‘ॲडव्हान्स’मधल्या ‘ॲ’चंही तेच: तो एकच अक्षर म्हणून साठतो, किंवा अ आणि वरचा चंद्र अशा दोन तुकड्यांत. युनिकोडचं ठरलेलं सामान्यीकरण चालवूनही ही रूपं एक होत नाहीत. बदल आपणच करावा लागतो, आणि तो मोजक्या ओळींचा आहे. कोणताही महागडा डेटाबेस ही उणीव भरून काढत नाही.

दराच्या तक्त्यात जे मॉडेल स्वस्त ते आपल्यालाही स्वस्त, हा हिशेबही कच्चा आहे. दर लागतो टोकनला, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत तोडून वाचतं त्या तुकड्यांना, आणि एकाच मजकुराची किती टोकनं होतात हे भाषेप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे बदलतं. ओपनएआयनं मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना स्वतःच उदाहरण दिलं होतं. ओळख करून देणाऱ्या त्याच छोट्या मजकुराला इंग्रजीत आधी २७ टोकनं लागायची, नव्या पद्धतीत २४; मराठीत आधी ९६, नंतर ३३. म्हणजे जुन्या मॉडेलवर मराठी माणूस तेवढ्याच बोलण्यासाठी साडेतीन पट मोजत होता. म्हणून आपल्याच पोटनियमांचं एक पान प्रत्येक मॉडेलच्या टोकनायझरमधून काढून बघावं. आणि पोटनियम पन्नासेक पानांचेच असतील, तर आजच्या अनेक मॉडेलांना ते एका वेळी अख्खे देता येतात. अर्थाच्या जवळिकीनं मजकूर शोधून देणाऱ्या व्हेक्टर डेटाबेसची गरज आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा. गरज पडलीच, तर पुण्याच्या एल३क्यूब गटानं २०२२ मध्ये खुलं केलेलं महाएसबर्ट हे अर्थाची जवळीक मोजणारं मॉडेल मराठी वाक्यांसाठीच तयार केलेलं आहे. आधी इंग्रजीत भाषांतर करून मग शोधायचं, ही वाट ‘जामीनदार’ आणि ‘तारण’ यांच्यापाशी उगाच चुकायची जोखीम वाढवते.

आता सभासदांच्या प्रश्नांची यादी. आंतरराष्ट्रीय गुणतक्त्यात वरचं मॉडेल घेतलं की तपासणीची गरज नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी एकच प्रश्न पुरेसा आहे: ‘माझ्या ठेवीला विमा हाय काय?’ बँकांमधल्या ठेवींना ठेव विमा आणि पत हमी महामंडळाचं संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत. सहकारी बँकाही त्यात येतात. पण पतसंस्था बँक नाही. ती सहसा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते आणि या महामंडळाचा विमा तिच्या ठेवींना नाही. मॉडेलनं शिकताना वाचलेला मजकूर बहुतेक बँकांबद्दलचा, आणि संस्थेच्या पोटनियमात विम्याचा उल्लेख नसेल, तर ते मोकळी जागा बँकेच्या उत्तरानं भरू शकतं. निवृत्तीची पुंजी ठेवलेल्या माणसाला ‘५ लाखांपर्यंत सुरक्षित’ असं खोटं आश्वासन मिळणं ही किरकोळ चूक नव्हे. मोठ्या मॉडेलात अशा चुका कमी होतात, हा आक्षेप खरा असेलही. पण आपल्या प्रश्नांवर किती कमी होतात, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

अशा मोजणीसाठी सुरुवातीला पन्नास-साठ प्रश्न पुरतात. ते काउंटरवरच्या लिपिकाकडून घ्यावेत, आणि लोक बोलतात तसेच लिहावेत: ‘मुदतीआदी ठेव मोडली तर व्याज किती कमी हुतंय?’, ‘जामीनदार बदलाय येतंय काय?’ त्यात ज्यांचं उत्तर पोटनियमांत नाहीच असे दहा-बारा असावेत. तिथे ‘याची माहिती माझ्याकडे नाही, शाखेत विचारा’ हेच बरोबर उत्तर धरायचं. बरोबर काय हे ठरवणारा माणूस संस्थेचा सचिव, प्रोग्रॅमर नव्हे. ही यादी दोन-तीन मॉडेलांवर, फ्रेमवर्कसह आणि त्याशिवाय चालवायला एक दुपार पुष्कळ होते. वर्षभरानं मॉडेल बदलायची वेळ आली तर तीच पुन्हा चालवायची, मधल्या काळात काउंटरवर आलेल्या नव्या प्रश्नांची भर घालून.